बोटीवरील बॅटरीच्या जतनासाठी चार्जरची निवड : उजनी जलाशय व सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

बोटीवरील बॅटरी वापराने जितकी झिजते त्यापेक्षा अधिक ती पडून राहिल्याने निकामी होते. उजनी जलाशयावरील बोटी, तसेच पूरकाळासाठी राखून ठेवलेल्या बचाव बोटी वर्षातील बराच काळ काठावर असतात. अशा बॅटरीच्या जतनासाठी चार्जर घेताना सर्वसाधारणपणे अँपिअरचा आकडा पाहिला जातो. प्रस्तुत लेखात तो निकष गौण असून विद्युतदाबाचे नियमन, तापमानानुसार त्यात होणारा बदल, ग्रामीण वीजपुरवठ्यातील चढउतार आणि पाण्याजवळील सुरक्षितता हे निकष प्रधान आहेत, असे प्रतिपादन साध्या गणिताच्या आधारे केले आहे.

बीजशब्द : शिसे-आम्ल बॅटरी, स्वविसर्जन, सल्फेटीकरण, फ्लोट दाब, तापमान-भरपाई, उजनी जलाशय.

प्रस्तावना

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा म्हणून परिचित असल्याने बोट हा विषय येथील अभ्यासकांस दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा यशवंतसागर जलाशय निर्माण झाला. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील गावशिवार पाण्याखाली गेले, जुने रस्ते बुडाले, आणि समोरासमोरच्या दोन गावांना जोडणारा जवळचा मार्ग म्हणजे पाणी, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली. जलाशयावर मासेमारी चालते, प्रवासी वाहतूक चालते, भिगवण परिसरात रोहित पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्यांना बोटीतून नेले जाते. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात यात्राकाळात बोटी फिरतात. याखेरीज प्रशासनाच्या ताब्यातील बचाव बोटी आहेत.

या बचाव बोटींचे महत्त्व अलीकडच्या काही घटनांनी अधोरेखित केले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी व धरणातील विसर्ग यांमुळे भीमाकाठ पुराने वेढला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरामुळे करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील गावांत पाणी शिरले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह अन्य पथकांना पाचारण करावे लागले. तत्पूर्वी २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली. राष्ट्रीय दलाच्या पाचव्या तुकडीचा तळ पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे. तेथून सोलापूर शहर अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पथक येऊन पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास स्थानिक बोटींवरच निभवावे लागतात. वर्षाचे अकरा महिने झाकून ठेवलेली बोट ज्या रात्री हवी असते, त्या रात्री कळ दाबल्यावर तिचे इंजिन फिरले पाहिजे, शोधदिवा लागला पाहिजे आणि बिनतारी संच बोलला पाहिजे. प्रत्यक्षात अशा वेळी "बॅटरी बसली आहे" हे वाक्य ऐकू येते.

येथे विषयाची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. उजनीवरील अनेक लहान होड्या वल्ह्यांनी चालतात. कित्येक इंजिने दोरी ओढून सुरू होतात. त्यांना बॅटरी लागतच नाही, आणि हा साधेपणा हा त्यांचा गुणच आहे. विवेचनाचा रोख कळीने सुरू होणारी इंजिने, शोधदिवे, बिनतारी संच आणि तळाशी साचलेले पाणी उपसणारे विद्युतपंप असलेल्या बोटींकडे आहे.

पडून राहिलेल्या बॅटरीचे काय होते

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल घट सिद्ध केला. आज बोटीवर, ट्रॅक्टरवर वा महाविद्यालयाच्या इन्व्हर्टरखाली जी बॅटरी असते, तिचे रसायन मूलतः तेच आहे. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना ही क्रिया उलटते. सल्फेटचे नुकतेच बनलेले स्फटिक सूक्ष्म असतात, ते सहज विरघळतात. परंतु बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर हे स्फटिक वाढून जाड व टणक होतात आणि मग चार्जरच्या प्रवाहाला दाद देत नाहीत. यालाच सल्फेटीकरण म्हणतात. बॅटरीवर लिहिलेली क्षमता १०० अँपिअर-तास असली तरी हाती त्याचा एखादा तुकडाच उरतो.

बॅटरी कोणी वापरली नाही तरी ती उतरते. या स्वविसर्जनाचे प्रमाण २५ अंश सेल्सिअस तापमानाला दरमहा साधारणतः ३ ते ५ टक्के धरले जाते. पट्ट्यांतील शिशात अँटिमनी असल्यास ते याहून अधिक असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की ते ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ४५ अंशांना हेच प्रमाण चौपट, अर्थात दरमहा १२ ते २० टक्के होईल. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या वर असतो आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटीतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कमी असण्याचे कारण नाही. मार्चमध्ये पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी जूनच्या पहिल्या पावसापर्यंत अर्ध्यावर येणे या हिशेबाने मुळीच आश्चर्याचे नाही.

याच्या जोडीला बोटीवरील लहानसहान उपकरणे अखंड वीज पीत असतात. घड्याळ, स्थाननिदर्शक वा पंपाचा स्वयंचलित स्विच यांनी मिळून २० मिलिअँपिअर इतका क्षुल्लक प्रवाह घेतला, तरी महिन्याकाठी तो १४.४ अँपिअर-तास होतो. म्हणून चार्जर विकत घेण्यापूर्वी बॅटरी उपकरणांपासून तोडणारा मुख्य स्विच बसवावा. त्याचा खर्च अल्प असून लाभ मात्र चार्जरच्या बरोबरीचा आहे.

कोकण किनाऱ्यावरील उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पावसाळ्यात तेथील हवा तिशीच्या आसपास असते. पूर्ण चार्ज केलेली, स्वच्छ पुसलेली आणि तारा सोडवून ठेवलेली चांगली बॅटरी या दोन महिन्यांत सुमारे १० ते १५ टक्केच उतरेल. तिला चार्जर कायम जोडून ठेवण्याची गरज नाही. मध्यंतरी एकदा चार्ज केली तरी पुरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात अनेक महिने उभ्या असलेल्या बचाव बोटीला हा न्याय लागू पडत नाही. तेथे जतनाचा चार्जर चैनीची वस्तू ठरत नाही.

अँपिअरचा मोह

वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात चार्जर मागितला असता पहिला प्रश्न येतो तो "किती अँपिअरचा?" असा. गॅरेजमध्ये उतरलेली बॅटरी सायंकाळपर्यंत गिऱ्हाइकाला परत द्यायची असते. तेथे हा प्रश्न योग्यच आहे. जतनाच्या कामी तो जवळजवळ निरर्थक होतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी कडक उन्हाळ्यात दरमहा २० टक्के उतरते असे धरले, तर तूट २० अँपिअर-तासांची झाली. महिन्याचे ७२० तास. तूट भरून काढण्यास लागणारा सरासरी प्रवाह निघतो सुमारे ०.०२८ अँपिअर. बाजारातील सर्वांत लहान चार्जरही याच्या कितीतरी पट प्रवाह देतो.

तेव्हा प्रवाह पुरेल की नाही ही शंका बाजूला ठेवून, अतिरिक्त प्रवाह कोठे जातो हे पाहिले पाहिजे. बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही प्रवाह चालू राहिला तर तो पाण्याचे विघटन करतो. फॅरडेच्या नियमानुसार एका घटात एक अँपिअर-तासाने ०.३३६ ग्रॅम पाणी विघटित होते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असल्याने हे प्रमाण सुमारे २ ग्रॅम होते. जुन्या पद्धतीचा, नियमन नसलेला चार्जर पूर्ण भरलेल्या बॅटरीत अवघा १ अँपिअर प्रवाह महिनाभर ढकलत राहिला, तर जवळजवळ १,४५० ग्रॅम, म्हणजे दीड लिटरच्या आसपास पाणी उडून जाईल. पट्ट्या उघड्या पडून बॅटरी कायमची निकामी होण्यास इतके पुरेसे आहे. ज्यास बोलीत ट्रिकल चार्जर म्हणतात, तो स्वस्त चार्जर महिनोन्महिने लावून ठेवणे याचा अर्थ बॅटरीला मंद आचेवर उकळत ठेवणे असा होतो. विशेष हे की, या चुकीने मेलेली बॅटरी पाहून मालक बहुधा बॅटरी बनविणाऱ्यास दोष देतो.

यास उत्तर म्हणजे प्रवाहाऐवजी विद्युतदाबावर नियंत्रण ठेवणारा चार्जर होय. अशा चार्जरचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम तो आपल्या क्षमतेइतका प्रवाह देतो आणि बॅटरीचा दाब चढत जातो. पातळ आम्लाच्या, झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हा दाब सुमारे १४.४ ते १४.८ व्होल्टपर्यंत पोहोचला की दुसऱ्या टप्प्यात तो तेथेच स्थिर धरला जातो आणि बॅटरी स्वतः घेत असलेला प्रवाह क्रमाने घटत जातो. तो पुरेसा घटला की तिसऱ्या टप्प्यात दाब १३.२ ते १३.५ व्होल्टवर उतरविला जातो. यालाच फ्लोट म्हणतात. या दाबाला बॅटरी स्वविसर्जनाची तूट भरण्यापुरताच प्रवाह घेते आणि पाण्याचे विघटन नगण्य राहते. जतनासाठी चार्जर निवडणे म्हणजे मुख्यतः हा तिसरा टप्पा तपासून घेणे होय.

दाबाचे नियमन असले की अँपिअरचा आकडा थोडा मोठा असण्यास हरकत उरत नाही, कारण प्रवाह ढकलला जात नाही. बॅटरी हवा तेवढाच ओढून घेते. उलट बचाव बोटीसाठी मोठा आकडा उपयोगी पडतो. शोधदिव्याने रात्रभरात ६० अँपिअर-तास वापरले गेले, तर १ अँपिअरच्या चार्जरला ते भरून काढण्यास तीन दिवस लागतील आणि पूर तितका थांबणार नाही. १० अँपिअरचा चार्जर मोठा भाग सहा-सात तासांत भरील. शेवटच्या काही टक्क्यांसाठी आणखी काही तास लागतील. पातळ आम्लाच्या बॅटरीसाठी क्षमतेच्या एक-दशांश इतका प्रवाह हे जुने प्रमाण अद्यापही सुरक्षित आहे. म्हणून केवळ हिवाळा-उन्हाळा काढायचा असेल तर १ ते २ अँपिअर, आणि कामाच्या रात्रीनंतर बॅटरी पुन्हा सज्ज करायची असेल तर १०० अँपिअर-तासांमागे १० अँपिअर, असा भेद करावा.

बॅटरीचा प्रकार

चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते, ती शोभेसाठी नव्हे. काचतंतूंच्या पडद्यात आम्ल शोषून धरणाऱ्या बंद बॅटरीस, जिला बाजारात एजीएम म्हणतात, दुसऱ्या टप्प्यात १४.४ ते १४.७ व्होल्ट चालतात. आम्लाचा गर असलेली जेल बॅटरी मात्र सुमारे १४.१ ते १४.२ व्होल्टच सहन करते. दाब वाढल्यास गरात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, तेवढा भाग पट्टीपासून सुटतो आणि बंद बॅटरीत पाणी भरता येत नसल्याने हानी भरून निघत नाही. पातळ आम्लाच्या बॅटरीचा चार्जर जेलला लावणे म्हणून अनिष्ट होय.

इंजिन सुरू करणारी बॅटरी व दिवे-पंप चालविणारी बॅटरी या दोन निराळ्या जाती आहेत. पहिलीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात; ती क्षणभर मोठा प्रवाह देते, पण खोलवर उतरणे तिला मानवत नाही. दुसरीत पट्ट्या जाड असतात. आपल्याकडील इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी याच जातीची आहे. बोटीवर दोन्ही असल्यास त्या एकत्र जोडून एका चार्जरवर टाकू नयेत. जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर खेचते. दोन स्वतंत्र निर्गम असलेला चार्जर किंवा दोन लहान चार्जर घेणे श्रेयस्कर.

अनेक चार्जरवर "पुनरुज्जीवन" या अर्थाचे एक बटण असते आणि त्याच्या जाहिरातीत मृत बॅटरी जिवंत करण्याचा दावा असतो. त्यात पातळ आम्लाच्या बॅटरीला नियंत्रित स्वरूपात १५ व्होल्टहून अधिक दाब दिला जातो. घटांघटांतील असमतोल दूर करण्यास व तळाशी साचलेले दाट आम्ल ढवळण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु बॅटरी उपकरणांपासून सोडवून, समोर उभे राहून आणि नंतर पाण्याची पातळी पाहूनच ते करावे. टणक झालेले सल्फेट बटण दाबून विरघळेल अशी आशा बाळगू नये.

सोलापूरच्या उन्हाचा हिशेब

वर दिलेले सर्व दाब २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी आहेत. तापमान वाढले की बॅटरीतील क्रिया जलद होतात आणि तोच दाब अधिक ठरतो. म्हणून दर अंशामागे प्रत्येक घटास सुमारे ३ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा घटांस १८ मिलिव्होल्ट दाब कमी करावा लागतो. बॅटरीचे तापमान ४५ अंश असेल तर २० अंशांच्या फरकासाठी ०.३६ व्होल्ट वजा करावे लागतील आणि १३.५ व्होल्टचा फ्लोट दाब १३.१४ वर यावा लागेल. हिवाळ्यातील पहाटे, १५ अंशांना, तोच १३.६८ असावा. थंड प्रदेशासाठी बनविलेला, तापमानाची भरपाई न करणारा चार्जर येथे उन्हाळाभर बॅटरीस किंचित जास्त दाब देत राहतो. हा किंचितपणा दिवसाला जाणवत नाही; तीन महिन्यांत तो बॅटरीचे पाणी संपवितो.

भरपाईची सोय आहे असे पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहिलेले असले, तरी तापमापक कोठे आहे हे पाहिले पाहिजे. काही चार्जरमध्ये तो चार्जरच्या पेटीतच असतो. चार्जर सावलीतील खोलीत आणि बॅटरी पत्र्याखाली असेल तर त्या मापनाला अर्थ राहत नाही. तारेच्या टोकाशी असलेला, बॅटरीच्या टर्मिनलला किंवा अंगाला चिकटविता येणारा तापमापक घ्यावा. तो नसल्यास बॅटरी काढून त्याच खोलीत, चार्जरशेजारी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. खोली पत्र्याच्या शेडपेक्षा थंड असल्याने स्वविसर्जनही घटते, हा दुहेरी लाभ.

उष्णतेचा आणखी एक परिणाम मापनावर होतो आणि तो विज्ञानाच्या अध्यापकांस विशेष रुचावा. विश्रांत अवस्थेतील पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, असे परदेशी पुस्तकांत आढळते. त्यामागे आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८० असल्याचे गृहीत आहे. उष्ण कटिबंधातील बॅटऱ्यांत पट्ट्या लवकर झिजू नयेत म्हणून आम्ल मुद्दाम पातळ, १.२४० च्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. प्रत्येक घटाचा दाब म्हणजे विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४, या ढोबळ नियमाने १.२४० साठी २.०८ व्होल्ट आणि सहा घटांसाठी १२.४८ व्होल्ट येतात. म्हणजे पुस्तकी कोष्टकात जी बॅटरी तीन-चतुर्थांश भरलेली दिसेल, ती प्रत्यक्षात पूर्ण भरलेली असू शकते. केवळ आकडा पाहून तिला पुन्हा पुन्हा चार्ज करीत राहणे हानिकारक ठरते. निर्मात्याने दिलेले विशिष्ट गुरुत्व विचारून घ्यावे आणि हायड्रोमीटरचे वाचन त्याच्याशी ताडून पाहावे.

वीज येते, जाते, चढते, उतरते

नियमन नसलेल्या ट्रान्सफॉर्मर-चार्जरचा निर्गम दाब घरातील विजेच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टला १३.५ देईल असा तो बेतला असेल, तर फीडरवरील भार उतरून दाब २६० झाला की तोच चार्जर १५.३ व्होल्टच्या आसपास जातो. आणि १९० व्होल्टला तो ११.२ वर येतो, म्हणजे बॅटरी भरतच नाही. एकाच दिवसात अतिरेक व उपासमार दोन्ही घडतात. यास्तव इलेक्ट्रॉनिक नियमनाचा आणि सुमारे १०० ते २६५ व्होल्ट इतक्या विस्तृत आगम दाबावर चालणारा चार्जरच ग्रामीण भागात घ्यावा.

वीज वारंवार खंडित होण्याचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे आणि तो माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. वीज परत आली की बहुतेक तीन-टप्पी चार्जर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करतात. बॅटरी भरलेली असल्याने पहिला टप्पा क्षणात संपतो, परंतु दुसरा टप्पा काही चार्जरमध्ये घड्याळावर चालतो. दोन किंवा चार तास ठरलेले असतात. दिवसातून चार वेळा वीज गेली, तर भरलेल्या बॅटरीला दिवसातील बराच काळ १४.४ व्होल्ट मिळतात. घड्याळाऐवजी बॅटरीचा घटता प्रवाह पाहून दुसरा टप्पा संपविणारा चार्जर येथे निःसंशय सरस ठरतो.

आणखी दोन बाबी विचारून घ्याव्यात. वीज नसताना चार्जर बॅटरीतून उलट किती प्रवाह घेतो, ही पहिली. काही मिलिअँपिअर क्षम्य आहेत, त्याहून अधिक नव्हे. दुसरी अशी की, फार उतरलेली बॅटरी जोडली असता अनेक आधुनिक चार्जर ती सदोष समजून कामच सुरू करीत नाहीत. किमान किती व्होल्टपासून चार्जर सुरू होतो, हे ठाऊक असावे. अन्यथा नेमक्या अडचणीच्या वेळी नवा चार्जर मुका बसतो.

पाणी, वीज आणि वायू

पाश्चात्त्य देशांतील धक्क्यांवर प्रत्येक बोटीसाठी विजेची जोडणी असते आणि चार्जर बोटीतच कायमचा बसविलेला असतो. त्या व्यवस्थेतून धातूच्या भागांचे विद्युत-रासायनिक क्षरण उद्भवते, कारण भूतारेच्या द्वारे शेजारच्या बोटी परस्परांना जोडल्या जातात. उजनीच्या काठावर अशी व्यवस्था नसल्याने तो प्रश्न आपल्याकडे गौण आहे. आपला प्रश्न निराळा व अधिक धोक्याचा आहे : काठावरच्या शेडमधून वा शेतातील खांबावरून २३० व्होल्टची लांब तार ओढून बोटीपर्यंत चार्जर नेणे. ओल्या जमिनीवर उघडा जोड असलेली अशी तार जीवघेणी ठरू शकते. बॅटरी काढून खोलीवर न्यावी, हाच येथे नियम असावा. बोट शेडमध्येच असेल आणि जोडणी अपरिहार्य असेल, तर ३० मिलिअँपिअर गळतीला परिपथ तोडणारा स्विच, योग्य भूतार आणि किमान आयपी ६५ दर्जाचे आवरण असलेला चार्जर असावा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. बोटीत कायम बसविण्यास तो बरा.

चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पुढे स्फोटक होतो. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १ अँपिअर प्रवाह तासाभरात सुमारे २.७ लिटर हायड्रोजन निर्माण करतो. बंद पेटीत वा बंद कप्प्यात, शेजारी पेट्रोलची टाकी असताना, चार्जरचा चिमटा लावताना उडालेली ठिणगी काय करील हे सांगणे नलगे. आधी चिमटे लावून मग वीज चालू करावी व काढताना आधी वीज बंद करावी. चिमट्यांपेक्षा नटबोल्टने घट्ट बसणारी टोके इष्ट.

सौर पर्याय

ज्या शेडला वीजच नाही, तेथे लहान सौर पट्टिका हा समर्थ पर्याय आहे. १० वॉटची पट्टिका पूर्ण उन्हात सुमारे ०.५५ अँपिअर देते. दिवसाकाठी पाच तास पूर्ण उन्हाच्या तोडीचे मिळाले, तर सुमारे २.७ अँपिअर-तास मिळतात. याउलट गरज किती? १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे उन्हाळ्यातील स्वविसर्जन दिवसाला ०.६७, २० मिलिअँपिअरची उपकरणे ०.४८, आणि नियंत्रकाचा स्वतःचा वापर धरून एकूण सुमारे १.३ अँपिअर-तास. उन्हाळ्यात १० वॉट पुरतात. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उत्पन्न अर्ध्यावर वा त्याहून खाली येईल, आणि बोट सज्ज हवी असते ती नेमकी त्याच दिवसांत. म्हणून २० वॉट घ्यावे.

१२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी पट्टिका भार नसताना २१ ते २२ व्होल्ट दाखविते. तेव्हा ती नियंत्रकाविना थेट बॅटरीला जोडू नये. इतक्या लहान पट्टिकेसाठी महागड्या एमपीपीटी नियंत्रकाचा आग्रह अनावश्यक आहे; साधा पीडब्ल्यूएम नियंत्रक, मात्र तापमान-भरपाईसह, पुरेसा होतो. ताडपत्रीखाली ठेवलेली पट्टिका वीज देत नाही, ही गोष्ट सांगण्याची वेळ येऊ नये. तरी ती सांगणे भाग आहे.

लिथियमविषयी थोडेसे

केरळात २०१७ पासून चालणारी आदित्य ही सौरऊर्जेवरील प्रवासी बोट लिथियम बॅटरीवर चालते, आणि आपल्याकडेही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या सुलभतेने मिळू लागल्या आहेत. त्यांच्या जतनाचा नियम शिसे-आम्लाच्या उलट आहे. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी लागते. लिथियम बॅटरी दीर्घकाळ साठविताना साधारण अर्धी भरलेली ठेवणे तिला मानवते, आणि तिचे स्वविसर्जन इतके अल्प असते की फ्लोट अनावश्यक ठरतो. बचाव बोटीपुढे यातून पेच उभा राहतो, कारण तेथे अर्धी भरलेली बॅटरी चालणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ती पूर्ण भरावी व पावसाळा संपल्यावर अर्ध्यावर आणावी, ही तडजोड व्यवहार्य आहे. शिसे-आम्लाचा चार्जर, विशेषतः पुनरुज्जीवनाचे बटण असलेला, तिला लावू नये, १४.२ ते १४.६ व्होल्टला थांबणारा तिचा स्वतंत्र चार्जर घ्यावा.

खरेदीनंतरची तपासणी

खोक्यावरील मजकूर आणि आतील वस्तू यांत अंतर असू शकते. हे अंतर मोजण्यास कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीस चार्जर जोडून दुसऱ्या दिवशी टर्मिनलांवरील दाब मोजावा व त्याच वेळी बॅटरीच्या अंगाचे तापमान नोंदवावे. २५ अंशांना १३.२ ते १३.५ व्होल्ट, आणि त्याहून प्रत्येक अंशाला १८ मिलिव्होल्ट कमी, असा आकडा आला तर फ्लोट टप्पा खरा आहे. दाब १४ च्या वर असेल तर चार्जर परत करावा. त्यानंतर वीज बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करावी आणि दाब १४.४ वर जाऊन किती वेळ तेथे राहतो हे घड्याळ लावून पाहावे. भरलेल्या बॅटरीबाबत तो अर्ध्या तासाच्या आत उतरावयास हवा. शेवटी वीज बंद असताना बॅटरी व चार्जर यांच्या मध्ये मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या पल्ल्यावर जोडून उलट प्रवाह मोजावा. या वाचनांस एक दिवस लागतो. मे महिन्याच्या प्रारंभी ती घेतली, तर चार्जर बदलून घेण्यास पावसापूर्वी अवधी राहतो.